लीड्सचे वार्तापत्र : भिंतीला अंगरखा

विलायतेतील थंडीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पदरचे पैसे मोजून निर्माण केलेली ऊब भिंतींतून अहोरात्र बाहेर झिरपत असते, हे गॅसचे बिल हाती पडेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. आमची घरांची ओळ व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील, भिंती नऊ इंची व भरीव. दोन पदरांमध्ये पोकळी ठेवण्याचा शिरस्ता येथे रुळला तो पहिल्या महायुद्धानंतर. विटांची आखूड तोंडे दर्शनी दिसली तर भिंत बहुधा भरीव, साऱ्या विटा लांबीनेच दिसल्या तर पोकळ, ही खूण शेजारच्या वृद्ध गवंड्याने मला शिकवली.

ऊब अडवण्यासाठी पोकळ भिंत भरण्याचे काम एका दिवसात उरकते: बाहेरून सांध्यांत भोके पाडून नळीने खनिज लोकर किंवा पॉलिस्टायरीनचे मणी आत फुंकतात. भरीव भिंतीचे दुखणे मोठे. बाहेरून ऊबरोधक थर द्यावा तर लाल विटांचा चेहरा झाकतो, आणि जुन्या संरक्षित वस्तीत त्यासाठी नगरपालिकेची मंजुरी मिळणे कठीण. आतून द्यावा तर आधीच चिंचोळी असलेली खोली आणखी आकसते. शिवाय, जुनी वीट आणि चुना पावसाचे पाणी पितात व यथावकाश वाळतात. आतली ऊब पोहोचेनाशी झाली की वीट थंडगार राहते, आणि स्वयंपाकाची, न्हाणीघराची, नुसत्या श्वासोच्छ्वासाची वाफ थराच्या फटींतून मागे शिरून तिथे पाणी होऊन बसते. मग भिंतीत रोवलेली तुळयांची टोके निमूटपणे कुजतात. म्हणूनच जाणते कारागीर लाकडी तंतूंचे फलक लावून वर चुन्याचा गिलावा करतात. ज्या चुन्याला आपण वाड्यांबरोबर निरोप दिला, तोच येथे नव्या विद्येचा भाग झालेला पाहून मौज वाटते.

सरकारला मात्र घाई फार. वीज व गॅस कंपन्यांमार्फत, ग्राहकांच्याच बिलांतून वसूल होणाऱ्या पैशांवर भिंतींना असे थर देण्याच्या ज्या योजना चालल्या, त्यांविषयी राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अहवाल दिला: बाहेरून थर दिलेल्या घरांपैकी ९८ टक्के, तर आतून दिलेल्यांपैकी २९ टक्के घरांत दुरुस्त करावेच लागतील असे गंभीर दोष आढळले. पैसा मंजूर करणे सोपे. ओल ओळखणारा डोळा दरखास्तीवर मिळत नाही.

आमच्या गवंडीबुवांचे मत असे की, अंगरख्याचा विचार नंतर, आधी फुटकी पन्हळ बदला. शिडीवाल्याला सांगितले आहे. पाऊस उघडला तर तो गुरुवारी येईल.