शेनिन ब्लां: चव आणि कॅलरीचा हिशेब

व्हाइट वाइनशी ओळख करून घ्यायची असेल तर शेनिन ब्लांपासून सुरुवात करा. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं. आपल्याकडे ते नाशिक परिसरात छान रुजलंय. सुला वाइनरीने २००० साली आणलेल्या पहिल्या वाइन्समध्ये शेनिन ब्लांसुद्धा होती. पेरू-अननसाचा गंध, तजेलदार आंबटपणा, बऱ्याचदा किंचित गोडवा. थंडगार शेनिन आणि गरम कोथिंबीर वडी ही माझी सर्वात आवडती जोडी!

आता कॅलरी. १५० मिलिलिटरचा ग्लास, अल्कोहोल १२.५ टक्के, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल. ग्रॅममागे ७ कॅलरी, म्हणजे इथेच १०५ झाल्या. लोक साखरेला घाबरतात, पण लिटरमागे १० ग्रॅम साखर असली तरी ग्लासात येते दीड ग्रॅम, म्हणजे फक्त ६ कॅलरी. वाइनमधले बाकीचे घटकही धरून साधारण १२०. लेट हार्वेस्ट प्रकार मात्र वेगळा. त्यात द्राक्षं वेलीवर जास्त पिकू देतात, त्यामुळे वाइनमध्ये साखर भरपूर उरते.

वजनाची काळजी असेल तर बाटलीवरचा अल्कोहोलचा टक्का आधी वाचा आणि ग्लास काठोकाठ भरू नका.