चर्चचे तोंड कुणीकडे?

या आठवड्यात घुमटाविषयी लिहायचे कबूल केले होते, पण तो विषय आता थांबेल. चर्चची वेदी पूर्वेला असते हे गेल्या लेखातले विधान एका वाचकाने नेमके पकडले आहे. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्वेला आहे, म्हणजे वेदी पश्चिमेला. त्याच्या मागच्या बाजूचे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च मात्र पश्चिमाभिमुख, वेदी पूर्वेला. शेजारीशेजारी दोन मोठी चर्चे पाठीला पाठ लावून उभी असतील, तर पूर्व दिशेला दिलेला तो सगळा धार्मिक अर्थ मागाहून चिकटवलेला नाही कशावरून, असे ते विचारतात. शंका रास्त आहे आणि ती गोव्यापुरती नाही. खुद्द रोमच्या सेंट पीटर्सची वेदी पश्चिमेच्या टोकाकडे आहे.

सेंट पीटर्सचे कारण जमिनीतच सापडते. संत पीटरची मानलेली कबर व्हॅटिकन टेकडीच्या उतारावर होती आणि तिच्यावरचे छोटे स्मारक पूर्वाभिमुख होते. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या कारागिरांनी एका बाजूने टेकडी तोडली, दुसऱ्या बाजूने भराव घातला, पण कबर जागची हलवली नाही. सारी वास्तू तिच्याभोवती बेतली आणि दार शहराकडे, पूर्वेला ठेवले. 1506 साली सुरू झालेल्या आजच्या वास्तूनेही तोच अक्ष पाळला. पण एवढ्याने भागत नाही. रोमचे लॅटरन चर्च कुठल्या कबरीवर उभे नाही, तरी त्याचीही वेदी पश्चिमेला. जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्येही त्या काळी प्रवेश पूर्वेकडूनच होता. तेव्हा कॉन्स्टन्टाइनच्या काळात इमारतीच्या दिशेचा पक्का नियम नव्हता, हे मान्य करावे लागते. तो त्या शतकाच्या उत्तरार्धात घट्ट होत गेला. रोमच्या तटाबाहेरचे सेंट पॉलचे चर्च 380 नंतरच्या दशकात मोठे करून बांधले, तेव्हा त्याची दिशा चक्क उलटी केली आणि वेदीचे टोक पूर्वेला आणले. साधारण त्याच सुमाराच्या ‘अपोस्टोलिक कॉन्स्टिट्यूशन्स’ या नियमसंग्रहात चर्च लांबट, पूर्वेकडे रोख असलेले, जहाजासारखे असावे असे सांगितले आहे.

मग शंका खरीच ठरली का? इमारत आधी आणि अर्थ नंतर, असा क्रम असता तर ठरली असती. पुरावा मात्र उलट क्रम दाखवतो. ख्रिस्ती लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात, म्हणून त्यांच्यावर सूर्यपूजेचा संशय घेतला जातो, असे ख्रिस्ती लेखक टर्टुलियन 197 च्या सुमारास लिहितो. तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती विचारवंत त्याहून नेमके बोलतो: घराचे दार दुसऱ्या दिशेला उघडत असले तरी प्रार्थना पूर्वेकडेच करावी, कारण घराची दिशा माणसाने ठरवलेली, पूर्व निसर्गाने. कॉन्स्टन्टाइनच्या मोठ्या वास्तू अजून कित्येक दशके दूर होत्या. म्हणजे दिशा मुळात भिंतींची नव्हती, प्रार्थना करणाऱ्याची होती. सेंट पीटर्समध्ये वेदीच्या पश्चिमेला उभा राहून मिस्सा म्हणणारा पोप दाराकडे, अर्थात पूर्वेकडेच पाहत असे.

यावर कोणी म्हणेल, पोपचे ठीक, समोरच्या लोकांची पाठ मात्र पूर्वेला झाली. प्रार्थनेच्या वेळी तेही दाराकडे वळत, असे विसाव्या शतकात लुई बुये या फ्रेंच अभ्यासकाने मांडले. पण त्याला पुरावा तोकडा आहे आणि त्यावर भिस्त ठेवणे बरे नाही. त्यापेक्षा पाचव्या शतकातल्या पोप लिओचे प्रवचन अधिक कामाचे. सेंट पीटर्सच्या पायऱ्या चढून आलेले लोक आत जाण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकतात, म्हणून तो त्यांना खडसावतो. त्यात जुनी सूर्यपूजा किती आणि ख्रिस्ती भाव किती, हे वेगळे काढता येत नाही. लिओला सलत होते तेही हेच. पण इमारतीने साथ दिली नाही तरी शरीर पूर्वेकडे वळत होते, एवढे त्यातून निश्चित कळते.

पुढे पूर्वेकडे वळण्याचे हे काम भिंतींकडे गेले. तेराव्या शतकात ड्युरँडस हा बिशप तर चर्चचा रोख संपातदिनीच्या सूर्योदयाकडेच हवा, अयनदिनाच्या नव्हे, इतका काटेकोर होतो आणि त्यातही नैतिक अर्थ वाचतो. असे अर्थ मागाहून जोडलेले आहेत, हे वाचकाचे म्हणणे इथे मान्य. पण 1577 मध्ये मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ नियम सांगतानाच बिशपच्या संमतीने अपवादालाही वाट देतो. से कॅथेड्रलचे काम त्याआधीच, 1562 मध्ये सुरू झाले, तेही पूर्वेच्या मोठ्या चौकाकडे तोंड करून. तोवर लोकांची नजर दिशेवरून वेदीवर स्थिरावली होती, आणि वेदी कुठेही असली तरी तिच्याकडे पाहणे हेच पूर्वेकडे पाहणे झाले होते. म्हणून होकायंत्र घेऊन चर्चे तपासली तर जागेची अडचण कळेल, चौकाची ओढ कळेल. पूर्वेचा अर्थ खोटा ठरणार नाही. या मताचा सर्वांत भक्कम आधार जेरुसलेमचा बिशप सिरिल याच्या नावावरील व्याख्यानांत आहे. बाप्तिस्मा घेणारा आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारतो आणि मग पूर्वेकडे वळून श्रद्धा जाहीर करतो. इथे सारा अर्थ वळण्यात आहे. हे जिथे घडे, त्या बाप्तिस्मागृहाला अनेकदा आठ बाजू का असतात, ते पुढच्या आठवड्यात.