गाडीला डोळे आले; चालकाच्या झोपेचे काय?

गेल्या महिन्यातला एक रविवार. सकाळचे सात वाजले असतील. आमचा पुतण्या दारात उभा राहिला. “जयभीम काका,” एवढेच म्हणाला आणि बाहेरच्या खोलीत आडवा झाला. त्याच्या काकूने चहा आणीपर्यंत तो घोरू लागला होता.

हा मुलगा भोसरीच्या एका वाहतूक ठेकेदाराकडे पिकअप चालवतो. भोसरी एमआयडीसीच्या लहान लहान शेडमध्ये तयार होणारे सुटे भाग चाकणच्या मोठ्या कारखान्यांत पोचवायचे, हे त्याचे रोजचे काम. वय सव्वीस, शिक्षण बारावी, पदरी दोन वर्षांची मुलगी. आपल्या वस्त्यांतून अशी मुले आता घरोघरी आहेत. बाप कारखान्यात हेल्पर होता, मुलगा त्याच कारखान्याच्या गेटवर गाडी घेऊन उभा असतो.

दुपारी भाकरी खाताना त्याने हकीकत सांगितली. शनिवारी सकाळी सहाला गाडी काढली. मोशी, कुरुळी फाटा, चाकण अशा दोन खेपा झाल्या. त्यातले चार तास गेटवरच्या रांगेत गेले. घरी जायच्या तयारीत असताना रात्री नऊला ठेकेदाराचा फोन आला, “भिवंडीचा माल आहे, लगेच नीघ.” परतताना पहाटे तीनच्या सुमारास, द्रुतगती मार्गावर खालापूरच्या अलीकडे, समोरच्या काचेला लावलेली डबी कर्कश वाजली. पोरगा दचकून जागा झाला. गाडी पांढरी पट्टी ओलांडून शेजारून चाललेल्या ट्रेलरकडे सरकत होती!

“काका, ती डबी नसती तर आज माझा फोटो भिंतीवर असता,” तो म्हणाला. त्याच्या काकूच्या हातातली परात खाली पडली. आम्हालाही पुढे जेवण गेले नाही.

ही डबी करते काय?

आम्ही पडलो कारकून. गाडीतले आम्हाला फारसे कळत नाही. पण ज्या वस्तूने घरचा मुलगा वाचला ती समजून घेतलीच पाहिजे, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या गाडीत जाऊन बसलो.

काचेला, आरशाच्या मागे, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. तिला दोन कॅमेरे. एक रस्त्याकडे पाहतो, दुसरा चालकाच्या तोंडाकडे. बाहेरचा कॅमेरा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या ओळखतो आणि गाडी पट्टीवर चढली की आवाज करतो. पुढची गाडी फार जवळ आली तरी आवाज करतो. आतला कॅमेरा डोळ्यांवर लक्ष ठेवतो. पापण्या मिटल्या, मान खाली गेली, हातात मोबाईल दिसला की पुन्हा आवाज. मात्र ही डबी फक्त ओरडते. स्टिअरिंगला किंवा ब्रेकला ती हात लावत नाही.

हात लावणारी यंत्रणा मोटारींत आली आहे. जपानमध्ये निस्सान कंपनीने २००१ साली सीमा या मोटारीत पट्टी धरून राहायला मदत करणारी यंत्रणा दिली. आपल्याकडे ती सामान्य माणसाच्या नजरेस पडायला वीस वर्षे गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० ही मोटार बाजारात आणली, ती चाकणच्या कारखान्यात तयार झालेली. पुढे टाटांच्या हॅरियर आणि सफारी या मोटारींतही अशा सोयी आल्या. म्हणजे ज्या गाड्यांना हे नवे डोळे बसतात, त्या आपल्याच भागात, आपल्याच भावा-बहिणींच्या हातांनी जोडल्या जातात. अभिमानाचीच गोष्ट आहे ही!

या मोटारींत काचेमागे कॅमेरा आणि पुढच्या बाजूला रडार असते. कॅमेरा पट्टी पाहतो, रडार पुढच्या वाहनाचे अंतर आणि वेग मोजते. स्टिअरिंगला विजेची मोटर असते, तिला आतला संगणक हुकूम देतो. गाडी बाजूला सरकू लागली की स्टिअरिंग हलकेच उलट वळते. काही मोटारींत तर चालू असेपर्यंत ते गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध धरून ठेवते.

पुतण्याने ठेकेदाराची अशी मोटार एकदा मुंबईपर्यंत नेली होती. तो सांगतो, “शेजारी बसून कोणी शहाणा माणूस स्टिअरिंगला एक हात लावतोय असं वाटतं. खांदे दुखत नाहीत. पण हात काढला की थोड्या वेळात ओरडते.” ते ओरडणे बरोबरच आहे. या यंत्रणेला तज्ज्ञ ‘लेव्हल टू’ म्हणतात. यात गाडी मदत करते, चालवतो मात्र माणूसच. अपघात झाला तर ‘गाडी आपोआप वळली’ असे सांगून कोणी सुटणार नाही.

पट्टीच नसेल तर?

ही सारी करामत रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर उभी आहे. द्रुतगती मार्गावर पट्ट्या ठळक आहेत, तिथे यंत्र नीट चालते. पण चाकणचा तळेगाव चौक किंवा आंबेठाण चौक डोळ्यांपुढे आणा. पट्टी कुठे पुसलेली, कुठे मातीखाली गेलेली. उजवीकडून ट्रेलर, डावीकडून दुचाकी, समोरून उलट्या दिशेने येणारी रिक्षा. अशा ठिकाणी यंत्र एकतर गप्प बसते, नाहीतर सारखे ओरडते. पट्टीचा इशारा बहुतेक यंत्रांत साधारण ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाच्या पुढेच सुरू होतो. तळेगाव चौकात तो वेग कोणाला मिळतो?

पुतण्याने आणखी एक अनुभव सांगितला. रस्त्याचे काम झाले होते, नवी पट्टी मारली होती, पण जुनी नीट खोडली नव्हती. ठेकेदाराच्या मोटारीने जुनी पट्टी खरी मानली आणि ती तिकडे ओढू लागली. हात स्टिअरिंगवर होते म्हणून निभावले. मुसळधार पाऊस, काचेवरचा चिखल, समोरून डोळ्यांवर येणारे ऊन यानेही कॅमेरा आंधळा होतो. म्हणून गाडी काढण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोरची काच पुसणे हे आरसा पुसण्याइतकेच गरजेचे आहे.

पिकअपची आणखी एक गोष्ट. मागे किती माल भरला आहे हे काचेवरच्या डबीला ठाऊक नसते. रिकाम्या गाडीला थांबायला जे अंतर पुरते ते भरलेल्या गाडीला पुरत नाही. डबी वाजेपर्यंत वाट पाहणारा चालक भरल्या गाडीत उशीर करतो. पुढच्या गाडीपासूनचे अंतर आपले आपणच जास्त ठेवायला हवे.

एक साधा हिशेब

आम्ही बी.कॉम. झालेलो, आकडेमोडीची सवय जात नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. डोळा तीन सेकंद लागला तर गाडी ६६ मीटर पुढे गेलेली असते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब. म्हणजे पाच मैदाने गाडी एकटीच धावली, चालकाविना! देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, हा सरकारचाच आकडा आहे. त्या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे.

तेव्हा डबी उपयोगी आहे यात शंका नाही. आमच्या घराला तर ती देवदूतासारखी भेटली असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, कोणा कामगाराच्या आणि इंजिनिअरच्या बुद्धीने भेटली.

डबी कोणाची बाजू घेते?

पण गोष्ट इथे संपली नाही. त्या पहाटे पोराने शहाणपणा केला. गाडी फूड मॉलवर घेतली, तासभर डोळा लावला, तोंड धुतले आणि मगच निघाला. सोमवारी ठेकेदाराच्या सुपरवायझरने त्याच्यापुढे कागद ठेवला. ‘झोपेचे इशारे: ११. परवानगीशिवाय थांबा: १ तास.’ आणि त्या खेपेचा भत्ता कापला!

म्हणजे पाहा, डबीने चालकाला सांगितले, ‘तू थकला आहेस, थांब.’ तिनेच मालकाला सांगितले, ‘हा थांबला.’ पहिले ऐकून जीव वाचला, दुसऱ्यामुळे पैसे गेले. अशाने पुढच्या वेळी पोरगा थांबेल काय? त्याच्याबरोबरच्या काही जणांनी आतल्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायला सुरुवात केली होती. आम्ही त्यांना रागावलो, पण खरा दोष त्यांचा नव्हता.

आम्ही वस्तीतले तिघे जण ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. भांडायला नव्हे, हिशेब मागायला. आम्ही म्हणालो, “साहेब, इशाऱ्यांचा कागद दाखवलात, आता तासांचा कागदही दाखवा.” सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा, चोवीस तास भरत होते! ठेकेदार काही वाईट माणूस नाही. त्यालाही कारखान्याचा माल वेळेवर पोचवायचा असतो, उशीर झाला की त्याचेही बिल कापले जाते. त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिले. कापलेला भत्ता परत दिला. दिवसाची खेप केलेल्या चालकाला त्याच रात्री लांबची खेप देणार नाही, असे तोंडी कबूल केले. सध्या तरी तो शब्द पाळला जात आहे. लेखी अजून काही नाही, त्यासाठी आमचा पाठपुरावा चालू आहे.

कायद्यात पिकअप कुठे?

चालकाच्या तासांना कायदा नाही असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. दोन पिकअप असलेला मालक त्यातून सहज निसटे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता अमलात आल्या आणि तो जुना कायदा त्यांत विलीन झाला. आठ तासांचे तत्त्व तिथेही आहे. कारखान्यांतले ४८ तास तरी आपोआप आले काय? १९४६ साली बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री असताना मांडलेल्या दुरुस्तीने ते ५४ वरून ४८ वर आले. कारखान्याच्या गेटच्या आत जे मिळाले ते गेटच्या बाहेर उभ्या असलेल्या चालकाला अजून पुरते मिळालेले नाही.

यंत्राच्या बाबतीतही तसेच. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये एक मसुदा प्रसिद्ध केला. त्यात आपोआप लागणारा ब्रेक, झोपेचा इशारा आणि पट्टी सोडल्याचा इशारा बस व ट्रकना सक्तीचा करण्याचे सुचवले होते. नव्या मॉडेलसाठी एप्रिल २०२६ आणि चालू मॉडेलसाठी ऑक्टोबर २०२६ अशी मुदत त्यात होती. पण हा विचार साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांचा. आपल्या पोरांच्या हातातली पिकअप आणि छोटा हत्ती त्याच्या खालच्या वजनात मोडतात. ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, तोही १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकपुरता. युरोपात मात्र जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला आणि लहान मालवाहू गाडीलाही पट्टी सांभाळणारी यंत्रणा लागते. रस्ता काय, लहान गाडीच्या चालकाला दया दाखवतो?

घरच्यांनी एवढे करावे

मायबहिणींनो, बंधूंनो, ज्यांच्या घरी चालक आहे त्यांनी काही गोष्टी मनावर घ्याव्यात. गाडीत कोणती सोय आहे, कोणता दिवा आणि कोणता आवाज कशाचा, हे मुलाने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. डबी वाजली तर ती बंद करू नये आणि झाकूही नये. गाडी सुरक्षित जागी घेऊन थांबावे. स्टिअरिंग आपोआप वळत असले तरी हात सोडू नयेत. रोजच्या तासांची नोंद एका साध्या वहीत ठेवावी: कधी निघाला, कधी परतला, गेटवर किती वेळ उभा होता. आमच्या पुतण्याची वही त्याची बायको लिहिते. ठेकेदाराकडे त्याने कागद ठेवला तर आपल्याकडेही कागद असावा.

आणि दिवसा झोपलेल्या चालकाला उठवू नये. टीव्हीचा आवाज कमी करावा, पोरांना बाहेर खेळायला पाठवावे. ‘दिवसभर लोळतो’ असे शेजाऱ्यांनी म्हटले तर म्हणू द्यावे.

परवा रविवारी पुतण्या पुन्हा आला. या वेळी चहा घेतला, मुलीला खांद्यावर बसवून बाजारात नेले. जाताना आम्ही विचारले, “डबी वाजते का रे अजून?”

“वाजते काका. चाकणच्या चौकात तर गप्पच बसत नाही,” तो हसून म्हणाला. “पण झोपेसाठी या आठवड्यात एकदाही वाजली नाही.”