नव्वद वर्षें नांवावांचून राहिलेला कीटक

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला म्हणजे संध्याकाळीं ओसरीवरील दिव्याभोंवतीं नाना तऱ्हेचे किडे जमूं लागतात. घरांतील एखादा चौकस मुलगा त्यांतला एक पेल्याखालीं झांकून ठेवतो आणि वडील मंडळींना विचारतो, "हा कोणता किडा?" बहुधा उत्तर मिळतें, "असेल कांहीं तरी पावसाळी किडा!" या उत्तरानें मुलाचें समाधान होत नाहीं, आणि खरें पाहतां शास्त्रज्ञाचेंही होत नाहीं. आजवर सुमारें दहा लक्ष कीटकजातींना शास्त्रीय नांवें मिळालीं आहेत. तरी अद्याप नांव न मिळालेल्या जाती याहूनही पुष्कळ अधिक असाव्या, असें या विषयांतील जाणते लोक मानतात. मग हातीं लागलेला कीटक खरोखर नवा आहे कीं जुन्याचाच एखादा प्रकार आहे, हें ठरवावयाचें कसें? आणि 'हें नुसतें पिलू आहे, मोठें झाल्यावर ओळखूं येईल' अशी शंका कोणीं काढली, तर तिचें निरसन कशानें करावयाचें? या दोन्ही प्रश्नांचा कस लावणारी एक गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू होऊन २००२ सालीं जगापुढें आली. तीच आज वाचकांना सांगावयाची आहे.

प्रथम वयाचा प्रश्न. झुरळ, टोळ, नाकतोडा यांच्या कुळांत अंड्यांतून निघणारें पिलू पुष्कळसें आईबापांसारखेंच दिसतें; मात्र त्याला उडण्याजोगे पंख नसतात. तें वाढतें तसतसें कात टाकीत जातें, आणि शेवटची कात टाकल्यावर पूर्ण वाढलेला कीटक आपल्या दृष्टीस पडतो. पिलाचें शरीर अपुरें असतें. दोन निरनिराळ्या जातींचीं पिलें एकसारखीं दिसण्याचा संभव असतो, आणि एकाच जातीचीं लहानमोठीं पिलें निराळीं वाटण्याचाही असतो. म्हणून नव्या जातीचें वर्णन होतां होईल तों प्रौढ कीटकाच्या शरीररचनेवरून करावें, असा प्रघात पडला आहे.

या रचनेंतही सर्वांत बोलका भाग म्हणजे पोटाचें टोंक. तेथील प्रजोत्पादनाचे कठीण अवयव बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या जातींतही पुष्कळदां वेगवेगळ्या घडणीचे असतात. लेओं द्यूफूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८४४ सालीं त्यांना कुलूपकिल्लीची उपमा दिली. प्रत्येक जातीचें कुलूप निराळें आणि त्याला लागणारी किल्लीही निराळी, असें त्याचें म्हणणें. ही उपमा सर्वत्र लागू पडत नाहीं, असें पुढील संशोधकांनीं दाखविलें; परंतु जात ओळखण्याचें साधन म्हणून या अवयवांचें महत्त्व कमी झालें नाहीं. ते पाहण्याची रीत अशी: मेलेल्या कीटकाच्या पोटाचें टोंक अलग करून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणांत ठेवतात. मऊ भाग विरघळून जातो आणि कायटिनाचे कठीण भाग तेवढे उरतात. ते ग्लिसरिनांत ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळावयाचे आणि त्यांची रेघ न् रेघ कागदावर उतरवावयाची. हें काम चिकाटीचें तर खरेंच, पण जोखमीचेंही आहे. कारण नमुना एकुलता एक असला तर चुकलेला हात पुन्हां सुधारतां येत नाहीं.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. जर्मनींतील प्लोन येथील माक्स प्लांक संस्थेंत ऑलिव्हर झोम्प्रो नांवाचा एक तरुण संशोधक वाळक्या काडीसारख्या दिसणाऱ्या कीटकांचा अभ्यास करीत होता. बाल्टिक समुद्राकांठच्या तृणमण्यांत, म्हणजे प्राचीन वृक्षांच्या गोठून दगड झालेल्या राळेंत, अडकलेला एक कीटक त्याच्या पाहण्यांत आला. या राळेचें वय चार कोटि वर्षांहून अधिक समजलें जातें. कीटक काडीकिड्यासारखा भासे, पण त्या गणाचीं लक्षणें त्याला लागू पडत ना. झोम्प्रोनें २००१ सालीं त्याचें वर्णन रॅप्टोफॅस्मा या नांवानें प्रसिद्ध केलें. तो वंश कोणत्या गणांत घालावा, हा पेंच मात्र सुटला नाहीं.

इतक्यांत त्याला लंडनच्या संग्रहालयांत १९५० सालीं टांगानिकांत, म्हणजे आजच्या टांझानियांत, पकडलेला एक नर आढळला. आणि बर्लिनच्या संग्रहालयांत नामिबियांतून १९०९ सालीं आलेली एक मादी मिळाली. नामिबिया त्या काळीं जर्मनांची वसाहत होती आणि टांगानिकाचा कारभार १९५० सालीं इंग्रजांकडे होता. तेव्हां एक नमुना बर्लिनला आणि दुसरा लंडनला कां गेला, हें निराळें सांगावयास नको. राळेंतील त्या प्राचीन कीटकाशीं या दोघांचें साम्य उघड दिसत होतें. चार कोटि वर्षांपूर्वींच नष्ट झाला असें वाटावें, तो वंश आफ्रिकेंत विसाव्या शतकांतही नांदत होता तर!

परंतु अडचण पुढेंच होती. दोघांनाही पंख नव्हते. "हीं कोणत्या तरी माहितीच्या कीटकाचीं पिलें असतील," असा आक्षेप कोणींही सहज घेतला असता, आणि मग एवढा शोध हंशावारी गेला असता. या आक्षेपाला उत्तर शरीरांतच शोधणें भाग होतें. कोपनहेगनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयांतील क्लाउस-डीटर क्लास आणि नील्स क्रिस्टेन्सेन हे सूक्ष्म शरीररचनेचे जाणते. प्लोनचे योआखिम आडिस हेही त्यांना मिळाले. मादीचें अंडीं घालण्याचें साधन पूर्णपणें बनलेलें होतें. नराचेही अवयव परिपक्व होते. म्हणजे हीं पिलें नव्हतीं. जन्मभर बिनपंखांनीं राहणारे हे प्रौढ कीटक होते.

मग त्यांना घालावयाचें कोणत्या गणांत? डोकें, पाय, पोट असें एकेक अंग तपासलें, तेव्हां प्रत्येक वेळीं एकेक दार बंद होत गेलें. पुढचे पाय कांट्यांनीं भरलेले, म्हणून आपल्याकडील खंडोबाच्या किड्याची आठवण यावी. पण त्याची ती लांबलचक मान येथें नाहीं, आणि कांटे मधल्या पायांनाही आहेत. अंगलट काडीकिड्यासारखी म्हणावी, तर काडीकिडे पाला खाऊन राहतात, आणि या कीटकाच्या पोटांत दुसऱ्या कीटकांचे तुकडे सांपडले! कांहीं लक्षणें थंड मुलुखांतील डोंगरांवर बर्फाच्या आसपास राहणाऱ्या ग्रिलोब्लॅट्टाशीं जुळत. पूर्ण मेळ मात्र कोणाशींच बसेना.

अखेर २००२ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत या चौघांनीं स्वतंत्र गणाची घोषणा केली. खंडोबाचा किडा आणि काडीकिडा या दोघांच्या ग्रीक नांवांची सांगड घालून गणाला मँटोफॅस्मॅटोडिया हें नांव दिलें. कीटकांचे सर्व गण मिळून तीसच्या आसपास आहेत. आणि कोणत्याही ज्ञात गणांत न बसणारा जिवंत कीटक १९१४ नंतर प्रथमच वर्णिला जात होता. त्यापूर्वींचा मान कॅनडांतील त्याच ग्रिलोब्लॅट्टाचा! नामिबियांतील जातीला पश्चिमेच्या वाऱ्यावरून आणि टांझानियांतील जातीला पूर्वेच्या वाऱ्यावरून नांव ठेवलें, यांत नांव ठेवणाऱ्यांची रसिकताही दिसते.

मेलेल्या दोन नमुन्यांवर एवढा डोलारा उभारलेला. तो टिकणार कीं नाहीं? याचें उत्तर डोंगरानेंच दिलें. २००२ च्या आरंभीं नामिबियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील यूजीन मारे यांच्यासह एक तुकडी त्या देशांतील सर्वांत उंच अशा ब्रांडबर्ग पर्वतावर गेली, आणि तेथील गवताच्या झुबक्यांतून तिला हे कीटक जिवंत मिळाले. दोनअडीच सेंटिमीटर लांबीचे हे शिकारी चालतांना पायांचीं टोंकें उचलून धरतात, म्हणून त्यांना 'टांचेवर चालणारे' असेंही नांव पडलें. नर आणि मादी पोट जमिनीवर किंवा फांदीवर आपटून त्या कंपनांनीं एकमेकांना साद घालतात. मादी वाळूमिश्रित फेंसाचें आवरण करून त्यांत अंडीं ठेवते. तें सुकून कठीण होतें आणि त्याच्या आश्रयानें अंडीं कोरडा ऋतु काढतात.

लवकरच दक्षिण आफ्रिकेंतूनही पुष्कळ जाती उजेडांत आल्या. तुलनेला भरपूर नमुने मिळाल्यावर एक दुरुस्तीही करावी लागली: टांझानियांतील जात नामिबियांतील जातीच्या वंशांत बसत नाहीं असें ठरून २००३ सालीं तिच्यासाठीं टांझानिओफॅस्मा हा नवा वंश केला गेला. एकेकाच नमुन्यावरून काढलेलें अनुमान किती जपून धरावें, याचा हा चांगला दाखला होय. पुढें जनुकांच्या परीक्षेनें ग्रिलोब्लॅट्टाशीं असलेलें नातें अधिक जवळचें दिसून आलें, आणि आज कांहीं शास्त्रज्ञ त्या दोघांना एकाच गणांत घालतात. गण एक मानावा कीं दोन, हा वाद चालेल. पण हा कीटक प्रौढ आहे, निराळा आहे, हा जो निर्णय शरीररचनेवरून प्रथम दिला गेला, तो आजही अबाधित आहे.

या सर्व हकीकतींत एका अगदीं लहान वस्तूचा वांटा फार मोठा आहे. बर्लिनच्या त्या मादीबरोबर ती कोठून व केव्हां आली याची नोंद राहिली होती. पकडणाऱ्याला त्या किड्याचें नांव ठाऊक नव्हतें. पण ठिकाण आणि वर्ष तेवढें त्यानें जपलें. नव्वदांहून अधिक वर्षांनंतर नामिबियाकडे पाहण्याची दिशा मिळाली ती त्या नोंदीनें. ती हरवली असती, तर नमुना असून नसल्यासारखाच झाला असता.

म्हणून घरांतील मुलानें पेल्याखालीं किडा झांकून पुन्हां तोच प्रश्न विचारला, तर "असेल कांहीं तरी" म्हणून त्याला वाटेस लावूं नये. नांव ठाऊक नसेल तर तसें मोकळेपणानें सांगावें. त्याचे पाय, मिशा, पंख त्याच्याकडून मोजून घ्यावे. वहींत तारीख, जागा आणि एक साधें चित्र काढावयास लावावें, आणि मग किड्याला अंगणांत सोडून द्यावें. नांव देणारा मागाहून येतो. नोंद करणारा मात्र त्याच्या आधीं यावा लागतो.