एकदम पेटा, एकदम उडा!

दिवाळीतलं रॉकेट कुणीही उडवतं. बाटलीत काठी, वातीला उदबत्ती आणि धूम पळा! पण एकाच रॉकेटच्या बुडाशी तीन-चार मोटर्स, आणि त्या सगळ्या एकाच क्षणी पेटवायच्या? याला म्हणतात क्लस्टर रॉकेट. मॉडेल रॉकेटच्या छंदातला सगळ्यात धमाल आणि सगळ्यात हट्टी प्रकार! आणि माहीत आहे का? खऱ्याखुऱ्या महाकाय रॉकेटचा एक धागा थेट सोलापुरात येऊन पोचतो. धागा म्हटलं की सोलापूर आलंच की! चला तर मग, एकेक गंमत उडवू या.

बुटांच्या दुकानातून आकाशात

मॉडेल रॉकेटचा शोध कुणा शास्त्रज्ञानं लावला असं वाटतं? चूक! 1954 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ऑर्विल कार्लाइल या बुटांच्या दुकानदारानं भावाच्या साथीनं ते तयार केलं. एकदा उडवा, पॅराशूटनं खाली आणा, नवी मोटर घाला, पुन्हा उडवा!

साडेपाच सेकंदांत एक

हा छंद घरोघरी पोचवला व्हर्न एस्टीस यांनी. त्यांनी मोटर्स बनवणारं एक यंत्रच उभं केलं आणि त्याचं लाडकं नाव ठेवलं ‘मेबल’. ही मेबल दर साडेपाच सेकंदांना एक मोटर बाहेर काढायची. कामसू पोरगी!

ए, बी, सी, डी... आणि डबल!

मोटरच्या वेष्टनावरचं अक्षर म्हणजे तिची ताकद. गंमत अशी, की दर अक्षराला ताकदीची कमाल मर्यादा दुप्पट होते. सी म्हणजे 10 न्यूटन-सेकंदांपर्यंत, डी म्हणजे 20, ई म्हणजे 40, एफ म्हणजे 80 आणि जी म्हणजे 160! साधारण ई ते जी हा झाला मिड-पॉवरचा इलाका.

आता क्लस्टरची जादू बघा. 20 न्यूटन-सेकंदांच्या चार डी मोटर्स एकत्र बांधल्या की बेरीज 80. म्हणजे चार छोट्या मिळून एक दांडगी एफ!

नावातच कुंडली

‘सी6-5’ वाचता येतं? सी हा ताकदीचा वर्ग, 6 म्हणजे सरासरी 6 न्यूटनचा रेटा आणि 5 म्हणजे जळण संपल्यावर पॅराशूट उघडण्याआधीची पाच सेकंदांची उसंत. इस्रोची नावंही अशीच बोलकी असतात. एस200 म्हणजे घन इंधन, सुमारे 200 टन. एल110 म्हणजे द्रव इंधन, सुमारे 110 टन. सी25 म्हणजे क्रायोजेनिक, सुमारे 25 टन. आता लाँचच्या बातम्या बघताना घरात भाव खायला हरकत नाही!

सगळा खेळ वायरचा

क्लस्टरचं खरं कसब कुठे? उडवण्यात नाही, पेटवण्यात! प्रत्येक मोटरच्या नोझलमध्ये बोटभर लांबीचा बारीक इग्नायटर सरकवायचा. त्याचं टोक आतल्या इंधनाला टेकलंच पाहिजे, मग वरून बूच लावून तो घट्ट बसवायचा. सगळ्या इग्नायटर्सच्या तारा मात्र जोडायच्या पॅरलल. का? सीरिजमध्ये जोडल्या तर जुन्या लायटिंगच्या माळेसारखं होतं. एक उडाला की सर्किट तुटलं आणि बाकीचे थंड!

चारपैकी एकच मोटर रुसली तर? रेटा एका बाजूला कमी पडतो आणि स्वारी आकाशाऐवजी शेजारच्या शेतात. म्हणूनच क्लस्टरवाले बॅटरीत कंजुषी करत नाहीत. 12 व्होल्टची दमदार बॅटरी हवीच.

फटीत फसलं पॅराशूट

माहीत आहे का? क्लस्टर किट जोडताना सगळ्यात महत्त्वाचा असतो मोटरच्या नळ्यांमधला रिकामा कोपरा! गोल नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की मध्ये फट राहणारच. ती बुजवली नाही, तर पॅराशूट ढकलणारा गॅस मागच्या मागे निसटतो. पॅराशूट आत, रॉकेट जमिनीत! टिश्यू पेपर आणि डिंक, बस्स, एवढ्यावर उड्डाण वाचतं.

गोफण टेस्ट

रॉकेट सरळ उडेल की गटांगळ्या खाईल? उत्तर दोरीत आहे. मोटर भरलेलं रॉकेट जिथे समतोल राहतं तिथे दोरी बांधा आणि डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास! शेपूट पुढे आलं तर नाकात थोडं वजन घाला. नियम सोपा: वजनाचा मध्यबिंदू हवेच्या दाबाच्या मध्यबिंदूपेक्षा निदान एका नळीच्या जाडीइतका पुढे हवा.

खुर्चीला 47 रॉकेट!

क्लस्टरचा आद्य वेडा कोण? चिनी दंतकथेतला वान हू. म्हणे, त्यानं खुर्चीला 47 रॉकेट बांधली, बैठक मारली आणि वाती पेटवायला सांगितल्या. धूर निवला तेव्हा खुर्ची नाही आणि वान हूही नाही! त्याच्या नावाचं विवर मात्र चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहे. पोचला म्हणायचा!

747 किलोचं ‘मॉडेल’

25 एप्रिल 2009. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये स्टीव्ह ईव्ह्ज या छांदिष्टानं माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-5 रॉकेटची एकदशांश प्रतिकृती उडवली. उंची 11 मीटर, वजन सुमारे 747 किलो आणि बुडाशी तब्बल नऊ मोटर्सचा क्लस्टर! ती उडाली, पॅराशूटवर उतरली आणि गड्याचं नाव झालं.

33 चा वर्ग, 30 ची शिकवण

स्पेसएक्सच्या सुपर हेवीला 33 इंजिनं, फाल्कन हेवीला 27. सोव्हिएत एन-1 ला 30 होती, पण 1969 ते 1972 मधली त्याची चारही उड्डाणं फसली. एवढ्या इंजिनांना एका सुरात गायला लावणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम!

रॉकेट पेटवायला लाकूड?

हो! सोयूझ रॉकेटची इंजिनं पेटवायला लाकडी दांड्यांवर बसवलेले इग्नायटर खालून नोझलमध्ये सरकवतात. म्हणजे राक्षसी आगकाड्याच! आपले राकेश शर्मा 3 एप्रिल 1984 ला अंतराळात गेले ते सोयूझवरूनच.

सोलापूरचा पोरगा, जहाज ते रॉकेट

आता येतो तो धागा! वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 मध्ये सोलापुरात झाला. त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालं. म्हणूनच 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन! 1940 मध्ये बंगळुरूत विमानांचा कारखाना, पुढे प्रीमियरच्या मोटारी. पाणी, हवा, रस्ता, सगळीकडे हजेरी.

आणि अंतराळ? त्यांच्या नावाचं वालचंदनगर सोलापूर जिल्ह्याला खेटून असलेल्या इंदापूर तालुक्यात आहे. ऊस आणि साखरेचं गाव. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग तयार होतात. 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 ला घेऊन झेपावलेल्या रॉकेटच्या एस200 बूस्टरचे भाग याच कारखान्यातून गेले होते. साखरेच्या गावचा चंद्राला नैवेद्य!

इस्रोचा क्लस्टर, महाराष्ट्राचा हात

चांद्रयान-3 नेणाऱ्या त्याच रॉकेटच्या, म्हणजे एलव्हीएम3 च्या दोन्ही कुशींना एकेक एस200, व्यास 3.2 मीटर. जमिनीवरून उठताना पेटतात ते हे दोघंच, आणि तेही एकदम! पोटातली दोन ‘विकास’ इंजिनं पावणेदोन मिनिटांच्या सुमारास, चक्क हवेत पेटतात. विकास इंजिनं बनवण्यात मुंबईच्या विक्रोळीतल्या गोदरेजचा मोठा वाटा आहे. पीएसएलव्ही-एक्सएलचा हिशेब आणखी मजेशीर: सहा बूस्टरपैकी चार जमिनीवर पेटतात, दोन हवेत.

इंधनही त्यांचं, पाऊसही त्यांचा

वसंत गोवारीकर आठवतात? पुण्यात जन्मलेल्या या शास्त्रज्ञानं भारताच्या घन इंधनाचा पाया घातला. 18 जुलै 1980 ला एसएलव्ही-3 नं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक तेच होते. पुढे मान्सूनच्या अंदाजाचं गाजलेलं 16 घटकांचं मॉडेलही त्यांचंच. वर धूर, खाली पाऊस, दोन्हींत मास्टर!

सोलापूरच्या ढगांना फटाकडी

पावसावरून आठवलं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी निवडलं ते पर्जन्यछायेतलं सोलापूरच. विमानाच्या पंखांवर नळकांडी बसवून ती ढगांजवळ पेटवली. निकाल? प्रयोग झालेल्या भागात काही ठिकाणी पाऊस सुमारे 18 टक्क्यांनी वाढला.

कोंबडा-कोंबडी सफरीला

1935 मध्ये स्टीफन स्मिथ या भारतीय रॉकेटवेड्यानं एका रॉकेटमधून कोंबडा आणि कोंबडी दामोदर नदीपलीकडे पाठवली. दोघंही सुखरूप! पत्रं पाठवायची रॉकेट तर त्यानं पुष्कळ उडवली. 1992 मध्ये भारतानं त्याच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढलं. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या रॉकेट स्पर्धेत आजही प्रवासी असतं कच्चं अंडं, आणि ते फुटलं की उड्डाण बाद!

थांबा, नियम आधी!

बारुदाची मोटर म्हणजे कायद्यानं स्फोटक. परवान्याशिवाय ती बनवायची नाही, बाळगायची नाही. घरी दारू कुटायचा विचार तर स्वप्नातही नको, हे अगदी मनापासून सांगणं आहे. बोटं आणि डोळे यांचं सुटं किट मिळत नाही. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय कुठे आहे, माहीत आहे का? आपल्या नागपुरात! म्हणून मोटरवालं रॉकेट उडवायचं ते परवानगी असलेल्या कॉलेजच्या किंवा संस्थेच्या टीमबरोबरच.

अमेरिकी छंदवाल्यांची नियमावलीही पाठ करण्यासारखी आहे. वजन जास्तीत जास्त दीड किलो. डीपेक्षा मोठ्या मोटरला निदान 30 फूट अंतर. बटण दाबूनही पेटलं नाही तर पूर्ण 60 सेकंद जवळ जायचं नाही. क्लस्टरमध्ये तर हे सोन्याचं वाक्य, कारण रुसलेली मोटर उशिरानंही पेटू शकते.

सोलापूरकरांसाठी तीन ‘नको’ वेगळे: होटगी रोडच्या विमानतळाजवळ नको, नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळ नको आणि ज्वारी काढल्यावर धसकटं वाळलेल्या शेतात तर मुळीच नको. एक ठिणगी आणि सगळं रान पेटलं!

कंपासपेटीतून उंची

रॉकेट किती वर गेलं? कोनमापकाला दोरा आणि खाली नट बांधा. लाँचच्या जागेपासून 100 मीटरवर उभं राहा आणि रॉकेट सगळ्यात वर असताना त्याचा जमिनीशी होणारा कोन वाचा. 45 अंश आले तर उंची 100 मीटर, 60 आले तर 173 मीटर. वर तुमच्या डोळ्यांची उंची मिळवा. त्रिकोणमिती कामाला येते ती अशी!

रविवारचा धमाका

मोटर नाही म्हणून हात बांधून बसायचं? छे! कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, एक तृतीयांश पाणी, व्हॉल्व्ह बसवलेलं बूच आणि सायकलचा पंप. झालं वॉटर रॉकेट! आधी एक बाटली जमवा, मग तीन बाटल्यांचा क्लस्टर करून बघा. तिन्ही एकदम सुटल्या तर सरळ वर, नाही तर गिरकी. जे चांद्रयानाच्या बूस्टरला लागू, तेच तुमच्या बाटलीलाही!

हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. एकजण पंपावर, एकजण दोरीवर, एकजण कोनमापक घेऊन आणि एकजण पोरांना लांब हटवायला. सोबत एक मोठं माणूस हवंच. पाणी किती, पंप किती, कोन किती, सगळं वहीत टिपा आणि दर उड्डाणाला एकच गोष्ट बदला. गल्लीतला उंचीचा पहिला रेकॉर्ड अजून रिकामा आहे. लावा नंबर!