मांडे आणि खापर

आखाजी आली की जळगाव-धुळ्याकडे चुलीवर खापर उपडे पडते. गव्हाच्या मऊ, सैल कणकेत पुरण भरायचे, ती पोळी दोन्ही हातांवर झुलवीत पातळ करायची आणि तापल्या खापरावर अलगद टाकायची. कोणी तिला खापराची पोळी म्हणतात, कोणी मांडे. ही नावे आली कोठून?

मांडे म्हणजे 'मांडलेले', असे पुष्कळांना वाटते. कानाला पटतेही. पण शब्दाचे कूळ नुसत्या कानाने ठरवू नये. त्याचे जुने रूप पाहावे. संस्कृतात 'मण्डक' हे पक्वान्नाचेच नाव आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात, म्हणजे इ. स. ११३०च्या सुमारास, त्याची कृती दिली आहे. मण्डक तापलेल्या 'खर्परा'वर टाकावा आणि काळा पडण्याच्या आत उचलावा, असे तेथे सांगितले आहे. आपल्या आयाबाया आजही हेच सांगतात!

शिक्षकांनी येथे फळ्यावर चार शब्द लिहावेत. दण्डाचा दांडा झाला, तसा मण्डकाचा मांडा. सर्पाचा साप झाला, तसे खर्पराचे खापर. म्हणजे ही दोन्ही नावे नियमाने चालत आली आहेत.

भांड्यावरून पोळीचे नाव पडणे ही काही आपलीच रीत नव्हे. इटलीत लुनिजाना भागात धिरड्यासारखा एक पदार्थ करतात, 'तेस्तारोली'. तो ज्यावर भाजतात ते 'तेस्तो'. या शब्दाचे लॅटिन मूळ मातीच्या भांड्याचे. आता तेथे तेस्तो बहुधा ओतीव लोखंडाचे असते. नाव मात्र मातीचेच राहिले.

आपल्याकडेही गॅस आला, घरोघरची चूल मागे पडू लागली. खापर गेले तर पोळी कदाचित दुसऱ्या भांड्यावर होईल. पण 'खापराची' का म्हणायचे, हे मुलांना कोण सांगणार? म्हणून गुरुजींनी एवढे करावे : या आखाजीला प्रत्येक मुलाला घरच्या आजीकडून चुलीभोवतीचे दहा शब्द, त्यांच्या अर्थासह, वहीत लिहून आणायला सांगावे. नाहीतर पुढच्या पिढीला मांडे खरोखरच मनातल्या मनात खावे लागतील.