संगणकास झोंप कां येत नाहीं ?

संगणकाची निद्रा म्हणजे त्याचें बंद होणें नव्हे. निद्रेंत पडदा मावळतो, प्रोसेसर थांबतो. चालू काम मात्र रॅममध्यें राहतें, व तेवढ्यापुरतीच वीज लागते. ती वीज गेल्यास कामही जातें. म्हणून तें आधीं सेव्ह करावें.

विंडोजचा संगणक निजेनासा झाल्यास त्यास कोण जागवितें, हें प्रथम पाहावें. बहुधा चालू राहिलेलें गाणें अथवा चित्रपट हेंच कारण असतें. तें न सांपडल्यास अॅडमिनिस्ट्रेटर या नात्यानें कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. जागविणाऱ्या प्रोग्रॅमचें नांव तेथें दिसतें. तो बंद करावा. संगणक निजून लगेच उठत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्यें जाऊन माउसला दिलेली जागविण्याची परवानगी काढून घ्यावी.

कारण शोधल्यावांचून यंत्रास दोष देऊं नये.